गाळ्याचे शटर : गिलाव्याच्या आधी की नंतर?

नवा गाळा घेतला किंवा जुना पाडून नव्याने बांधला, की व्यापाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो शटरचा. विटा चढल्या, स्लॅब पडला, की लगेच शटरवाल्याला बोलावणे जाते. गवंडी म्हणतो, ‘सेठ, गिलावा होऊ द्या.’ शटरवाला म्हणतो, ‘बयाणा द्या, आठ दिवसांत बसवून देतो.’ मालक म्हणतो, ‘सीझन डोक्यावर आहे, माल कुठे ठेवू?’ या तिघांच्या ओढाताणीत जे शटर बसते ते पुढची दहा-पंधरा वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ मालकाचे हात दुखवते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले आहोत. लोखंडाचे किंवा बांधकामाचे कारागीर नाही. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांत मालाच्या निमित्ताने फिरताना गाळे, गोदामे आणि यंत्रमागाच्या शेड उभ्या होताना पाहतो. शटरवाले, गवंडी आणि दुकानदार यांच्या तकरारी ऐकतो. त्यातून जे समजले ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत. दोघांनी मिळून वाचावे असा हा विषय आहे, कारण नुकसान दोघांचेही होते.

शटर ही एक वस्तू नव्हे

घोळाचे मूळ असे की आपण शटर ही एकच वस्तू समजतो आणि ती ‘आधी’ की ‘नंतर’ असे विचारतो. खरे पाहता शटरचे दोन भाग आहेत. एक त्याचा सांगाडा आणि दुसरा त्याचा पडदा.

सांगाड्यात दोन्ही बाजूंचे उभे चॅनेल, म्हणजे ज्यातून शटर वर-खाली सरकते ते गाईड, आणि वरचे दोन ब्रॅकेट येतात. हे भाग भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये पक्के रुततात. त्यांच्या पट्ट्या, बोल्ट आणि फास्टनर गिलाव्याच्या आड जायला हवेत.

पडद्यात लोखंडी पट्ट्या, वरचा पाईप, त्यातल्या स्प्रिंगा, खालची जाड पट्टी, कुलपाच्या कड्या आणि वरचा खोका येतो. हे चालते भाग आहेत. धूळ, ओला माल आणि ॲसिड यांपासून हे दूर राहायला हवेत.

एकदा हे दोन भाग मनात वेगळे केले की भांडण निम्मे मिटते. सांगाडा शेवटच्या गिलाव्याच्या आधी बसवावा. पडदा गिलावा आणि फरशी झाल्यावर चढवावा. आमचे सारे म्हणणे एवढेच आहे. बाकी लेख त्याची कारणे सांगण्यासाठी.

कोरे माप आणि धुतलेले माप

कापडवाल्याला ही गोष्ट लवकर कळेल. गिरणीतून आलेले कोरे कापड पाण्यातून काढल्यावर आटते. जो शिंपी कोऱ्या कापडावर अंगाचे नेमके माप टाकून कातर चालवतो, त्याचा सदरा पहिल्या धुण्यात आखूड होतो. विटांचा गाळा हे असेच कोरे कापड आहे. गिलावा आणि फरशी लागली की तो आटतो. किती आटतो ते आकड्यांत पाहू.

समजा, विटांच्या बांधकामात गाळ्याचे तोंड १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. आतल्या बाजूचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. बाहेरचा गिलावा दोन थरांत २० मिलिमीटरपर्यंत जातो. दाराच्या दोन्ही बाजूंना १५-१५ मिलिमीटर धरले तर रुंदी ३० मिलिमीटरने, म्हणजे सव्वा इंचाने कमी झाली. आजकाल दुकानाच्या तोंडाला ग्रॅनाइट लावण्याची पद्धत आहे. दगड आणि त्यामागचा माल मिळून एका बाजूला ३५ ते ४० मिलिमीटर सहज जातात. दोन्ही बाजू मिळून तीन इंच गेले.

आता खाली पाहा. फरशीखालचा माल दोन इंच आणि वर टाईल ८ ते १० मिलिमीटर धरली तर जमीन सुमारे ६० मिलिमीटरने वर येते. दहा फुटांची उंची पावणेदहा फुटांच्या थोडी वर उरते. कोऱ्या जमिनीवर मापून शटर केले असेल तर पट्ट्या जास्त होतात आणि खालची पट्टी फरशीवर लवकर टेकते. मग कुलपाच्या कड्या जुळत नाहीत. शटरवाल्याला पट्ट्या काढाव्या लागतात, कड्या कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागतात आणि नव्या फरशीवर वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात.

उलटही होते. फरशी इतकी जाड होणार असे धरून शटर आखूड केले आणि फरशीवाल्याने माल कमी टाकला, तर खाली बोटभर फट राहते. तेवढ्या फटीतून उंदीर येतो, पावसाचे पाणी येते आणि रस्त्याची धूळ तर रोजच येते. कापडाच्या दुकानाला या तिघांपैकी एकही परवडत नाही. खालच्या थरातले ठाण एकदा भिजले की त्यावरचा डाग सांगून विकावे लागते.

म्हणून माप नेहमी तयार जमिनीच्या पातळीवरून घ्यावे. जमीन तयार नसेल तर गवंड्याकडून पाण्याच्या नळीने भिंतीवर पातळीची खूण करून घ्यावी. तयार फरशी त्या खुणेच्या किती खाली येणार हे तिथेच भिंतीवर लिहून ठेवावे. ही खूण गवंडी, फरशीवाला आणि शटरवाला या तिघांनी मानायची.

ओळंबा चुकला तर

मापाइतकाच महत्त्वाचा ओळंबा. दोन्ही चॅनेल ओळंब्यात आणि एकमेकांना समांतर असतील तरच शटर हलके चालते. वर रुंदी दहा फूट आणि खाली अर्धा इंच कमी असेल, तर वरून मोकळे आलेले शटर कमरेच्या उंचीवर अडकते. मग दुकानातला नोकर लाथ मारतो, पट्टी वाकते आणि तिथून पुढे ती पट्टी रोज चॅनेलला घासते.

गिलावा हा थापी-रंध्याचा खेळ आहे. एकाच भिंतीवर तो कुठे १० मिलिमीटर आणि कुठे २० मिलिमीटर बसतो, कारण विटांची चूक त्यात लपवायची असते. चॅनेल आधी कोऱ्या विटांवर लावले तर ते विटांच्या चुकीप्रमाणे तिरके जातात. पूर्ण गिलाव्यावर लावले तर गिलाव्याच्या चुकीप्रमाणे जातात. म्हणून चॅनेल भिंतीच्या भरवशावर लावायचेच नाहीत. ओळंबा आणि दोरी लावून, गरज तिथे मागे लोखंडी पट्टीचे तुकडे देऊन ते सरळ उभे करावेत. मग गवंड्याने चॅनेलची कड धरून गिलावा त्याच्यापर्यंत आणावा. अशा वेळी चॅनेल गवंड्याला पट्टीसारखे उपयोगी पडते आणि त्याचा गिलावाही सरळ येतो.

रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मापावी. दोन्ही कर्णही मापावेत. दोन्ही कर्ण सारखे आले तर तोंड काटकोनात आहे असे समजावे. या कामाला दहा मिनिटे लागतात.

ओला माल लोखंडाला काय करतो

आता पडदा आधी का चढवू नये ते पाहू.

ओले सिमेंट तीव्र खारे असते, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचे. गॅल्वनाइज्ड पट्टीवरचा जस्ताचा थर आणि ॲल्युमिनियम या दोघांनाही ते खाते. गिलावा करताना उडालेला शिंतोडा पट्टीवर वाळला आणि नंतर खरवडून काढला, तरी खाली पांढरट डाग राहतो. रंगीत शटरवर शिंतोडा निघताना रंगही बरोबर नेतो आणि तिथून गंज सुरू होतो.

दुसरी अडचण वाळूची. गिलाव्याचा माल पट्ट्यांच्या गुंडाळलेल्या कडांमध्ये शिरतो. याच कडांनी एक पट्टी दुसरीत अडकलेली असते आणि शटर गुंडाळताना त्याच बिजागरीसारख्या फिरतात. तिथे वाळू गेली की दर फेरीला लोखंड घासले जाते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत माल वाळला तर स्प्रिंग सारखी ताणत नाही. चॅनेलमध्ये माल पडला तर पडदा वाटेत अडतो.

इथे एक चूक अनेक जण करतात. शटर जड चालते म्हणून धुळीच्या दिवसांतच चॅनेलमध्ये ग्रीस भरतात. ग्रीस आणि सिमेंटची धूळ मिळून घासकागदासारखा लेप तयार होतो. बांधकाम संपून सगळे झाडून-पुसून झाल्याशिवाय ग्रीस लावू नये.

तिसरी गोष्ट जिप्समची. हल्ली आतल्या भिंतींना सिमेंटऐवजी जिप्समचा गिलावा करतात. घट्ट सिमेंटच्या आत गाडलेल्या लोखंडाला सिमेंटचा खारेपणा गंजापासून वाचवतो. जिप्सममध्ये तो गुण नाही. ओल्या जिप्समला टेकलेले उघडे लोखंड गंजते आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पिवळे-तांबडे डाग फुटतात. म्हणून जिप्समचे काम असेल तिथे चॅनेलला आणि त्याच्या मागच्या पट्ट्यांना आधी प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि वेल्डिंगच्या जागी पुन्हा एक हात फिरवावा.

चौथी गोष्ट सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत कमी माहीत असलेली. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला मजूर ॲसिड ओततात. त्याची वाफ बंद गाळ्यात पसरते आणि स्प्रिंग, पट्ट्या, कड्या यांच्यावर बसते. थोड्याच दिवसांत नव्या शटरवर गंजाची लव दिसते. मालक शटरवाल्याला म्हणतो की तू जुना पत्रा दिलास. शटरवाला शपथा घेतो. दोघांनाही कारण ठाऊक नसते. ॲसिडचे काम पडदा चढवण्याआधीच उरकावे. नंतर करावेच लागले तर शटर पूर्ण उघडे ठेवून, हवा खेळती ठेवून करावे आणि फरशी भरपूर पाण्याने धुवावी.

सगळेच शेवटी केले तर?

मग कोणी म्हणेल, सगळे काम संपू द्या, रंग होऊ द्या, मग सांगाडा आणि पडदा एकदम बसवा. यातही नुकसान आहे.

पहिले असे की ब्रॅकेट आणि चॅनेलसाठी तयार गिलावा फोडावा लागतो. नंतर भरलेला तुकडा मूळ भिंतीशी एकजीव होत नाही आणि त्याच्या कडेने भेग दिसते. गिलावा न फोडता वरूनच फास्टनर मारला, तर त्याची अर्धा ते पाऊण इंच लांबी निव्वळ गिलाव्यातच जाते. गिलाव्याला भार पेलण्याची ताकद नसते. फास्टनर आतल्या काँक्रीटमध्ये पुरेसा शिरला पाहिजे.

भार किती असतो याचा अंदाज घ्या. १० बाय १० फुटांचे शटर १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असेल, तर नुसता सपाट पत्रा धरला तरी वजन ८५ किलोच्या वर जाते. पट्ट्यांच्या वळ्या, पाईप आणि स्प्रिंगा मिळवल्या की ते शंभर किलोच्या पुढे जाते. हा सगळा भार वरच्या दोन ब्रॅकेटवर लटकतो आणि ते ब्रॅकेट आपल्या डोक्यावर असतात. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर बांधकाम चालू असतानाच ब्रॅकेटच्या जागी काँक्रीटचे ठोकळे घालून घ्यावेत. चॅनेलच्या मागेही जागोजागी तसे ठोकळे हवेत. गिलावा झाल्यावर ठोकळा कुठे होता हे शोधत बसण्यापेक्षा आधीच कागदावर मापे लिहून ठेवावीत.

दुसरे नुकसान ठिणग्यांचे. वेल्डिंग आणि ग्रायंडरची ठिणगी टाईलवर किंवा काचेवर पडली तर खोल ठिपका पडतो आणि तो पुसला जात नाही. लोखंडाचा बारीक चुरा ओल्या फरशीवर राहिला तर गंजाचे डाग पडतात. शिवाय आत कापड भरलेले असताना वेल्डिंग करणे म्हणजे आगीला दावत देणे. ठिणगी ठाणांच्या फटीत जाऊन तासभर धुमसत राहू शकते. माल आणि वेल्डिंग एका गाळ्यात कधीही एकत्र नकोत.

कामाचा क्रम

तर मग योग्य क्रम असा :

१. बांधकाम चालू असतानाच शटरवाल्याला एकदा जागेवर आणावे. शटर लिंटेलच्या आत बसणार, खाली बसणार की बाहेर, हे त्याने ठरवावे. शटर गुंडाळल्यावर वर जो गोळा होतो त्याला उंचीप्रमाणे सव्वा ते दीड फूट जागा लागते. ती जागा असल्याची खात्री तेव्हाच करावी.

२. लिंटेलचे काँक्रीट पुरते मुरू द्यावे. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. त्याआधी ब्रॅकेटसाठी भोके पाडू नयेत.

३. मोटरचे शटर हवे असेल तर मोटर डावीकडे की उजवीकडे, बटण कुठे आणि वायरची नळी कुठून हे गिलाव्याच्या आधी ठरवून नळी भिंतीत घालावी. वीज गेल्यावर हाताने चालवायची साखळी असलेलीच मोटर घ्यावी.

४. फरशीच्या पातळीची खूण करावी. त्या खुणेवरून ब्रॅकेट आणि चॅनेल ओळंब्यात बसवावेत. प्रायमर लावावा. चॅनेलच्या तोंडात फडके किंवा थर्मोकोलची पट्टी भरून वर कागदी टेप लावावी, म्हणजे आत माल जाणार नाही.

५. गिलावा करावा. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे. शटरच्या घाईत पाणी मारणे थांबवू नये. कमी पाण्याचा गिलावा पोकळ वाजतो आणि चॅनेलच्या कडेने सुटतो.

६. फरशी घालावी, ॲसिडने धुण्याचे काम उरकावे, जागा झाडून घ्यावी.

७. आता पडद्याचे शेवटचे माप घ्यावे आणि कारखान्यात पट्ट्या कापायला सांगावे.

८. पडदा चढवावा, स्प्रिंगचा ताण जुळवावा, कड्या बसवाव्यात. शटर वीस-पंचवीस वेळा वर-खाली करून पाहावे. अर्ध्यावर सोडले तर ते साधारण तिथेच थांबले पाहिजे. आपोआप धाडकन खाली येत असेल किंवा वर पळत असेल तर ताण चुकला आहे. स्प्रिंगला मालकाने किंवा नोकराने हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो.

९. शेवटी रंगाचा हात आणि ग्रीस.

या क्रमात शटरवाल्याला तीन-चार खेपा कराव्या लागतात. एका खेपेत काम उरकण्याची सवय असलेल्या कारागिराला हे जड वाटेल. त्याने खेपांचा खर्च भावात धरावा आणि मालकाने तो द्यावा. नंतरच्या तोडफोडीपेक्षा तो नक्कीच कमी असतो.

जाडी किती असावी यासाठी भारतीय मानक आयएस ६२४८ आहे. त्यात साडेतीन मीटरपर्यंत रुंद शटरला पट्टीची जाडी किमान ०.९ मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटरला किमान १.२५ मिलिमीटर सांगितली आहे. चॅनेलची खोली साडेतीन मीटरपर्यंत ६५ मिलिमीटर आणि त्यापुढे ७५ मिलिमीटर लागते. बाजारात ‘गेज’ सांगतात, पण जाडी स्वतः मापून घ्यावी. कापड घेताना आपण धागा बोटाने चोळून पाहतो. पत्रा घेताना तेवढे करायला काय हरकत आहे?

घाई असेलच तर

आमचे काही बांधव म्हणतील, हे सगळे ठीक आहे, पण उघड्या गाळ्यातून सिमेंटच्या गोण्या आणि तांब्याची वायर रात्रीत नाहीशी होते, त्याचे काय? रास्त सवाल आहे. रमजानचा सीझन महिन्यावर आला असताना मालाचीही घाई असते.

पहिला उपाय सोपा आहे. जुने पत्रे आणि लाकडी वासे यांचे तात्पुरते दार करून कुलूप लावावे. काम संपल्यावर पत्रे दुसऱ्या कामाला येतात.

तेही शक्य नसेल आणि पडदा आधीच चढवायचा असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. निदान दाराच्या दोन्ही बाजूंचा आणि लिंटेलखालचा गिलावा आधी करून घ्यावा. बाकी भिंती नंतर झाल्या तरी चालतील. पट्ट्या तयार फरशीच्या मापाने कराव्यात आणि तोपर्यंत राहणारी खालची फट विटा किंवा लाकडी फळीने बंद करावी. कुलपाच्या कड्या सध्या नटबोल्टने लावाव्यात, वेल्ड करू नयेत. दिवसा काम चालू असताना शटर पूर्ण वर गुंडाळून ठेवावे. त्या स्थितीत स्प्रिंगवर ताण सगळ्यांत कमी असतो आणि गोळा प्लास्टिकने किंवा बारदानाने झाकता येतो. संध्याकाळी खाली ओढण्याआधी चॅनेल कोरड्या ब्रशने साफ करावे. शिंतोडा उडाला तर वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावा.

जिप्सम बोर्डचे काम असेल तर

शोरूममध्ये हल्ली जिप्सम बोर्डच्या पडभिंती आणि छत करतात. या बोर्डाचा नियम सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा वेगळा आहे. बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि त्याला बुरशी येते. म्हणून गाळा पावसापासून पूर्ण बंद झाल्याशिवाय बोर्ड लावू नयेत. म्हणजे ओला गिलावा आणि फरशी आधी, मग शटरचा पडदा, आणि मग बोर्ड. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काम असेल तर हा क्रम मोडूच नये.

छत करताना आणखी एक जपावे. शटरचा गोळा बोर्डाच्या आड बंद करून टाकतात. पुढे स्प्रिंग तुटली की सगळे छत फोडावे लागते. दोन्ही ब्रॅकेटजवळ माणसाचा हात आणि पाना जाईल एवढी उघडती झडप ठेवावी. शटरचे चॅनेल किंवा ब्रॅकेट बोर्डाच्या चौकटीवर कधीही लावू नयेत. त्यांना भिंत किंवा लोखंडी खांबच हवा.

दुसरी वाट आत्ताच ठेवा

भिंती कोऱ्या असतानाच ठरवायची शेवटची गोष्ट पैशाच्या हिशेबात बसत नाही. आमच्या बाजारात अनेक कारागीर आणि नोकर रात्री दुकानातच किंवा कारखान्यातच झोपतात. मालक बाहेरून शटरला कुलूप लावून घरी जातो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणाच्या दुकानाला आग लागून १२ कामगार मरण पावले. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होते.

शटर चोराला बाहेर ठेवण्यासाठी असते. आतल्या माणसाच्या सुटकेची ती वाट नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतही सुटकेच्या वाटेवर वर जाणारे किंवा सरकते दार बसवू नये असे सांगितले आहे. म्हणून मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत आतून कडी उघडून बाहेर ढकलता येईल असे एक साधे दार हवे. विटांच्या भिंतीत ते ठेवायला एक चौकट आणि एका दिवसाचे काम लागते. गिलावा, रंग आणि कपाटे झाल्यावर तेच दार कोणी पाडून ठेवत नाही. गाळ्याला मागची बाजूच नसेल तर शटरमध्येच आतून उघडणारे छोटे दार करून घ्यावे. आणि एवढीही सोय नसेल तर तिथे माणूस झोपवू नये.

हिशेब कागदावर

कारागीर आणि मालक यांच्या तकरारी बहुतेक वेळा तोंडी बोलण्यातून निघतात. एक साधा कागद करावा. माप कोणी आणि कोणत्या दिवशी घेतले, ते कोऱ्या बांधकामाचे की तयार गिलाव्याचे, पट्टीची जाडी किती, परांची कोणाची, फोडलेला गिलावा कोण भरणार, एवढे त्यात असावे. पैसे तीन हप्त्यांत ठरवावेत. बयाणा मालासाठी, दुसरा हप्ता सांगाडा ओळंब्यात बसल्यावर आणि उरलेली रक्कम शटर चालवून पाहिल्यावर त्याच दिवशी.

शटरवाल्याने कोऱ्या गाळ्यात पडदा चढवायला नकार दिला तर मालकाने त्याला कामचुकार समजू नये. तो आपल्याच मालाची रखवाली करतो आहे. मालकाच्या हट्टाने आधी चढवलेले शटर पुढे बिघडले तर त्याची मजुरी अडवणे इन्साफाचे नाही. आणि कारागिरानेही बयाण्याच्या मोहाने ‘चालेल, होऊन जाईल’ असे म्हणू नये. त्याला ठाऊक असलेली गोष्ट मालकाला सांगणे हे त्याच्या कसबाचाच भाग आहे.

नवा गाळा घेणाऱ्या बांधवांनी हा क्रम गवंडी आणि शटरवाल्याला एकत्र बसवून एकदा वाचून दाखवावा. पहिली वीट बसण्याआधी वाचला तर सगळ्यांत उत्तम. ज्यांच्या गाळ्याचा गिलावा आज चालू आहे, त्यांनी निदान उद्या सकाळी टेप घेऊन जावे आणि वर, मधे, खाली अशी तीन मापे घेऊन यावीत.